सक्ती गेली, विद्या राहावी

हौशी रेडिओचालकाला ३० मेगाहर्ट्झच्या खालील लहरींवर प्रक्षेपण करावयाचे असेल, तर मोर्सच्या संकेतलिपीत संदेश पाठविण्याचे आणि घेण्याचे कौशल्य त्याने परीक्षकांपुढे सिद्ध करून दाखविलेच पाहिजे, असा जो आंतरराष्ट्रीय दंडक अनेक वर्षे चालत आला होता, तो २००३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने शिथिल केला आणि ही अट ठेवावी की काढावी हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोपविले. ब्रिटनने ती त्याच वर्षी काढून टाकली, अमेरिकेने २००७ च्या फेब्रुवारीत काढली, आणि इतरही अनेक देशांनी तोच मार्ग धरला. समुद्रावरील जहाजांची मोर्सवरील भिस्त त्यापूर्वीच संपली होती. १९९९ च्या फेब्रुवारीत उपग्रहांच्या साहाय्याने चालणारी नवी संकटसंदेश-व्यवस्था पूर्णांशाने अमलात आली आणि जहाजावरचा मोर्स जाणणारा रेडिओ-अधिकारी हा हुद्दाच हळूहळू नाहीसा झाला. आपल्या देशातील तारसेवाही १५ जुलै २०१३ पासून बरखास्त झाली. तात्पर्य, ज्या ज्या दफ्तरांना मोर्स शिकण्याची सक्ती करण्याचा अधिकार होता, त्यांपैकी बहुतेकांनी तो आपण होऊन सोडून दिला आहे. अशा काळात एखाद्या तरुणाने वा तरुणीने ही विद्या शिकण्यात आयुष्यातील काही महिने का घालवावेत, हा प्रश्न रास्त आहे, आणि मोर्सवर प्रेम करणाऱ्यांनी त्याचे उत्तर केवळ गहिवराने न देता पुराव्यानिशी दिले पाहिजे.

मी स्वतः हौशी रेडिओचालक आहे आणि माझे मत प्रथमच सांगून टाकतो: सक्ती गेली हे योग्य झाले, आणि सक्ती गेली म्हणूनच ही विद्या आता मनापासून शिकण्याजोगी झाली आहे. ज्या कौशल्याचे स्थान यंत्रात नसून माणसाच्या कानात आणि मनगटात आहे, जे विकत घेता येत नाही, उसने आणता येत नाही आणि एकदा अंगी मुरले की सहसा कोणाला हिरावून घेता येत नाही, असे कौशल्य समाजातून नाहीसे होऊ देणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

सक्तीविषयी आधी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण जुन्या मंडळींच्या मनात तिच्याविषयीचा सल अजून आहे. परवाना मिळाल्यावर सरकारकडून स्वतःचे संकेतनाम घेऊन, बहुधा स्वतःच जुळविलेल्या यंत्राने, कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता जगभरच्या समानधर्मीयांशी संभाषण करणे आणि त्या निमित्ताने विद्युत्‌विद्येचा अभ्यास करणे, हे हौशी रेडिओचे स्वरूप आहे. आपल्याकडे ही संकेतनामे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात, आणि परवान्याच्या वरच्या वर्गासाठी मोर्सची चाचणी कित्येक दशके घेतली जात असे. त्या चाचणीने पुष्कळांना शिस्त लावली हे खरे. परंतु विद्युत्‌मंडलांत प्रवीण असलेली, उत्तम अँटेना उभारणारी, पण श्रवणशक्ती मंद असलेली किंवा परीक्षेच्या खोलीत हात थरथरणारी किती तरी माणसे तिने दाराबाहेर ठेवली हेही तितकेच खरे. ज्या विद्येत गोडी आहे तिला चौकीदाराचे काम सांगणे हा त्या विद्येचाच अवमान होता. परीक्षेपुरते मोर्स घोकून दाखला हाती पडताच ज्यांनी संदेश पाठविण्याची की कायमची फडताळात टाकली, त्यांची संख्या लहान नव्हती.

आता विद्येकडे वळू. सॅम्युअल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांमधील तारेवरून पहिला जाहीर संदेश पाठविला. त्यांच्या अमेरिकन संकेतांत पुढे युरोपात सुधारणा झाली, आणि आज जगभर जी लिपी चालते तिला १८६५ साली पॅरिस येथील तारपरिषदेने मान्यता दिली. या लिपीची रचना विलक्षण मितव्ययी आहे. इंग्रजीत जे अक्षर सर्वांत अधिक वेळा येते त्या ‘ई’ला एकच ऱ्हस्व ध्वनी दिला आहे, ‘टी’ला एकच दीर्घ, आणि क्वचित येणाऱ्या ‘क्यू’, ‘वाय’ यांसारख्या अक्षरांना चार-चार ध्वनींची लांब मोट बांधून दिली आहे. कालमानही नेमके ठरलेले आहे: डॉट म्हणजे एक एकक, डॅश म्हणजे तीन, अक्षराच्या पोटातील विराम एका एककाचा, दोन अक्षरांमधील तिनाचा आणि दोन शब्दांमधील साताचा. ‘पॅरिस’ हा शब्द रोमन अक्षरांत, त्याच्या पुढील विरामासह, बरोबर पन्नास एककांत बसतो म्हणून गतीचे माप त्याच शब्दाने घेतात. मिनिटाला वीस शब्द ही गती धरली तर एक डॉट अवघ्या ६० सहस्रांश सेकंदांचा होतो. विरामांनाही ध्वनीइतकेच मोल देणारी ही रचना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. लघु-गुरूंच्या ठरीव क्रमाने वृत्त सिद्ध होते हे आपण शाळेत शिकलो. परंतु ज्याच्या कानात भुजंगप्रयात बसला आहे तो श्लोक ऐकताना ‘यमाताराजभानसलगं’ म्हणत बोटे मोजीत नाही, पहिला चरण कानी पडताच वृत्त ओळखतो. मोर्सचेही तेच आहे, आणि ते शिकण्याची खरी वाट व चुकीची वाट यांतील सगळा भेद येथेच आहे.

चुकीची वाट म्हणजे तक्ता. पुस्तकात छापलेली ठिपक्यांची आणि रेघांची ती सारणी समोर ठेवून नवशिका पाठांतराला बसतो आणि चार दिवसांत सगळी अक्षरे तोंडपाठ म्हणून दाखवितो. मग प्रत्यक्ष संदेश ऐकू आला की त्याची तारांबळ उडते. कारण उघड आहे. ‘एस’चे तीन डॉट, ‘एच’चे चार आणि ‘पाच’ या अंकाचे पाच. मिनिटाला पाच शब्दांच्या संथ गतीने ते मोजता येतात, पण गती पंधरावर गेली की मोजणारा तिसऱ्या ठिपक्यावर असतानाच पुढचे अक्षर येऊन उभे राहते. मोजणाऱ्या मनाची गती जेथे संपते तेथे त्याला शिकलेले सगळे पुसून पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यावर जो उपाय सुचविला तो आजही सर्वांत भरवशाचा आहे. अक्षरे पहिल्या दिवसापासून पूर्ण गतीनेच ऐकवावीत, मात्र आरंभी दोनच. ती शंभरात नव्वद वेळा अचूक ओळखता येऊ लागली की तिसरे द्यावे, मग चौथे. आजच्या अभ्याससाधनांत आरंभ बहुधा ‘के’ आणि ‘एम’ यांनी होतो: डॅशला ‘डा’ आणि डॉटला ‘डिट’ म्हटले तर डा-डिट-डा आणि डा-डा. फार्न्सवर्थ नावाच्या अमेरिकन हौशी रेडिओचालकाच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत अक्षराची गती कायम ठेवून अक्षरा-अक्षरांमधील अवकाश तेवढा वाढविते, म्हणजे शिकणाऱ्याला विचार करण्यास उसंत मिळते आणि अक्षराचे रूप मात्र मोडत नाही. दोन्हींचे मर्म एकच: अक्षर हा तुकड्यांचा समुच्चय म्हणून न शिकता एक अखंड नाद म्हणून शिकावा.

विशेष असे की, मोर्सच्या यंत्राची मूळ योजना कानासाठी नव्हतीच. येणारे संकेत कागदाच्या पट्टीवर उमटावेत आणि तारमास्तराने ते डोळ्यांनी वाचावेत, असा संशोधकांचा बेत होता. परंतु यंत्रापाशी दिवसभर बसणाऱ्या माणसांना थोड्याच काळात असे आढळले की, पट्टीकडे न पाहता नुसत्या खटखटीवरून मजकूर कळतो. वरिष्ठांनी आरंभी या प्रकाराला मनाई करून पाहिली, पण शेवटी अनुभवापुढे त्यांना नमावे लागले, कागदाची पट्टी मागे पडली आणि ‘साउंडर’ हे निव्वळ आवाज करणारे साधन तारघरांत रूढ झाले. आपल्याकडच्या तारघरांतील ‘कडकट्ट’ हा जो नाद मागच्या पिढीच्या स्मरणात आहे, तो याच परिवर्तनाचा. यंत्राने माणसासाठी जे करावयाचे योजिले होते ते माणसाने स्वतःच्या इंद्रियाने अधिक चांगले करून दाखविले, अशी उदाहरणे यंत्रयुगाच्या इतिहासात फार नाहीत.

अर्थात हा कान एका रात्रीत तयार होत नाही, आणि तो कसा तयार होतो याचा अभ्यास शतकाहून अधिक काळापूर्वी झालेला आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारमास्तरांच्या शिक्षणाचे निरीक्षण करून १८९७ आणि १८९९ साली जे निबंध प्रसिद्ध केले, ते मानसशास्त्रात अजूनही उद्धृत केले जातात. त्यांना दिसले ते असे की, संदेश पाठविण्याची गती सातत्याने वाढत जाते, पण घेण्याची गती काही काळ वाढून मध्येच थांबते. आठवडेच्या आठवडे अभ्यास करूनही रेषा वर सरकत नाही, आणि मग एकाएकी ती पुन्हा चढू लागते. या सपाट भागाला त्यांनी पठार म्हटले आणि त्याचा अर्थ असा लावला की, अक्षरे ओळखण्याची सवय पुरती मुरल्यावाचून शब्द अखंड ओळखण्याची सवय लागत नाही, आणि शब्दांची मुरल्यावाचून वाक्प्रयोगांची लागत नाही. वरून दिसणाऱ्या त्या निष्फळ काळात आत मन एका पायरीवरून दुसरीवर जाण्याची तयारी करीत असते. प्रत्येक मोर्स-विद्यार्थ्याने हा निष्कर्ष आरंभीच जाणून घ्यावा अशी माझी शिफारस आहे, कारण मिनिटाला दहा शब्दांच्या आसपास हे पठार लागते आणि पुष्कळजण तेथूनच परत फिरतात. ‘मला जमणार नाही’ असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात जमण्याची क्रिया चालूच असते, ती दिसत नाही इतकेच. रोज पाव तास, तोही दोनदा विभागून, पण खंड न पाडता दिला तर पठार संपते. रविवारी तीन तास बसून आठवडाभर विसरणाऱ्याचे ते संपत नाही. ज्या काळात प्रत्येक श्रमाचे फळ त्याच दिवशी हाती पडावे अशी अपेक्षा मुलांना आपणच लावून ठेवली आहे, त्या काळात न दिसणाऱ्या प्रगतीवर विश्वास ठेवून अभ्यास चालू ठेवण्याचा हा धडा मला मोर्सइतकाच मोलाचा वाटतो.

कानाइतकाच हातही बोलका असतो. लाकडी फळीवर बसविलेली पितळी की, तिच्या मुठीवर अलगद टेकलेली तर्जनी आणि मध्यमा, खालून आधार देणारा अंगठा, आणि बोटांनी न ठोकता मनगटाच्या हलक्या झोक्याने होणारी तिची उघडझाप: या साध्या क्रियेत माणसागणिक इतका फरक पडतो की, सरावलेला श्रोता संकेतनाम येण्यापूर्वीच ‘हा अमक्याचा हात’ असे सांगू शकतो. कोणी डॅश किंचित लांबवितो, कोणी दोन शब्दांमध्ये ठरल्यापेक्षा क्षणभर अधिक थांबतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे बिनतारी संदेश टिपून घेणाऱ्या ब्रिटिश सेवेतील स्त्री-पुरुषांनी, मजकूर गुप्त लिपीत असल्याने एक अक्षरही कळत नसताना, केवळ हातावरून जर्मन तारचालक ओळखले आणि एखादी तुकडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलली याचा सुगावा लावला.

आणि या विद्येचा आजचा उपयोग? संध्याकाळी ४० मीटरच्या पट्ट्यावर, ७ मेगाहर्ट्झच्या किंचित वर, रिसीव्हरची कळ सावकाश फिरवावी. पावसाळ्यात विजांची कडकड असते, स्वर मध्येच बुडतो आणि पुन्हा वर येतो, आणि त्या सगळ्या कोलाहलातून एक बारीक सरळ स्वर वेगळा काढता येतो: ‘सीक्यू, सीक्यू’, म्हणजे कोणीही उत्तर द्यावे. आपण उत्तर देतो. मग स्वर किती स्पष्ट आणि किती जोरदार येतो याचे तीन अंक, नाव, गाव, यंत्राची शक्ती, आणि शेवटी ‘७३’ हा शुभेच्छांचा अंक. नवशिक्याने ‘क्यूआरएस’ अशी तीन अक्षरे पाठविली की समोरचा, तो कितीही निष्णात असला तरी, आपली गती मुकाट्याने कमी करतो. ही रीत जगभर पाळली जाते, आणि तिच्याइतका निर्मळ शिष्टाचार मला इतरत्र क्वचितच भेटला आहे. शास्त्रदृष्ट्या पाहता मानवी वाणीला जेथे सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीची वाट लागते, तेथे मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते. सगळी शक्ती त्या अरुंद वाटेत एकवटल्यामुळे पाच वॅट किंवा त्याहूनही कमी शक्तीचे यंत्र समुद्रापलीकडे ऐकू जाते. आणि असे यंत्र मोजके सुटे भाग आणून घरच्या मेजावर स्वतः जोडता येते. ज्याचे आतडे न्‌ आतडे आपल्याला ठाऊक आहे अशा यंत्राने परदेशातील अनोळखी माणसाशी बोलता येणे, हा आनंद तयार यंत्र विकत आणणाऱ्याला मिळत नाही.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जोसेफ टेलर, जे स्वतः हौशी रेडिओचालक आहेत, त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली ‘एफटी-८’ नावाची जी संगणकीय पद्धत दिली, ती माणसाच्या कानाला मुळीच ऐकू न येणारे क्षीण संकेतही उकलते. मग मोर्सचा आग्रह कशासाठी? मी हा आक्षेप पूर्णपणे मान्य करतो. क्षीणतम संकेत पोचविण्याची स्पर्धा असेल तर संगणक जिंकला आहे, आणि जिंकणाऱ्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. आपत्तीच्या वेळीही मोर्सच तारील असा दावा मी करीत नाही. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, आणि २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद व त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते तेव्हा, हौशी रेडिओचालकांनी जी सेवा केली तिचे श्रेय त्यांच्या तत्परतेला आहे, एखाद्या लिपीला नाही. परंतु संगणक संगणकाशी बोलत असताना शेजारी बसलेल्या माणसाचे शिक्षण होत नाही. मोर्समध्ये उकल करणारे यंत्र म्हणजे आपणच; जी प्रगती होते ती आपल्यात होते आणि आपल्यापाशीच राहते.

आपल्यापाशीच राहते याचा अर्थ किती खोल आहे हे व्हिएतनाम युद्धातील एका प्रसंगाने दाखवून दिले. जेरेमाया डेंटन हा अमेरिकन नौदलाचा वैमानिक कैदेत असताना १९६६ साली त्याला चित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे बसविण्यात आले. आपल्याला चांगली वागणूक मिळते असे जगाला दिसावे हा कैद करणाऱ्यांचा हेतू होता; तो तोंडाने प्रश्नांची उत्तरे देत राहिला आणि त्याच वेळी पापण्यांची उघडझाप करून त्याने मोर्समध्ये छळ या अर्थाचा इंग्रजी शब्द अक्षराक्षराने कळविला. त्याचे शस्त्र, गणवेश, स्वातंत्र्य सगळे काढून घेतले होते. शिकलेली विद्या तेवढी काढून घेता आली नव्हती. शांततेच्या काळातील उदाहरण त्याहून हृद्य आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या तानिया फिनलेसन या अमेरिकन महिलेने मस्तकाच्या हालचालींनी दोन कळा दाबून मोर्समधून आपले विचार व्यक्त करण्याची वाट धरली, आणि त्यांच्या सहकार्याने गूगलने २०१८ साली आपल्या मोबाईल-कीबोर्डात मोर्सची सोय केली. ज्याच्या शरीराला दोनच हालचाली शक्य आहेत त्याच्यासाठीही ही लिपी पुरेशी आहे. इतका उदार दरवाजा फार थोड्या लिप्यांना आहे.

महाराष्ट्राला तर या विद्येशी जुने नाते सांगता येते. १९२७ साली इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले ते खडकीच्या प्रक्षेपण-केंद्रातून आणि दौंडच्या ग्रहण-केंद्रातून. आणि २०१६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयम्’ आणि मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हे लहानसे उपग्रह अवकाशात गेले, तेव्हा आपल्या अस्तित्वाची खूण म्हणून त्यांनी पृथ्वीकडे धाडले ते मोर्सचेच संकेत. एकविसाव्या शतकातील अभियंत्यांनी ही निवड स्मरणरंजनासाठी केली नव्हती. अल्प शक्ती, अरुंद वाट आणि साधे यंत्र हे मोर्सचे गुण अवकाशातही कामी येतात.

म्हणून माझी तजवीज अशी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकड्यांनी, बालवीर पथकांनी आणि गावोगावच्या विज्ञान मंडळांनी मोर्सचे ऐच्छिक वर्ग सुरू करावेत. खर्च नाममात्र आहे: एक की, एक बझर आणि एक शांत खोली. हवेत प्रक्षेपण करण्यास परवाना लागतो, खोलीतल्या बझरवर सराव करण्यास लागत नाही. शिक्षकही आपल्यात आहेत. तार खात्यातून, रेल्वेतून, सैन्याच्या सिग्नल दलातून आणि व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली, ज्यांच्या कानात ही लिपी अद्याप ताजी आहे अशी माणसे अजून हयात आहेत, पण ती फार वर्षे राहणार नाहीत. गतीची पुस्तके छापता येतात, ध्वनिमुद्रिते साठवून ठेवता येतात. मनगटाचा झोका मात्र शेजारी बसून हातावर हात ठेवूनच शिकविता येतो. त्यांना सन्मानाने बोलवावे, त्यांच्यापुढे चार मुले बसवावीत आणि तक्ता भिंतीवर न लावता वर्ग सुरू करावा. जर्मनीने २०१४ साली मोर्सचा समावेश आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केला; आपणही तशी नोंद करावी, पण केवळ नोंदीने विद्या जगत नाही. ती शिकणाऱ्यांमुळे जगते, आणि आता कोणी शिकले तर ते दाखल्यासाठी नसेल, नोकरीसाठी नसेल, कोणाच्या हुकमाने नसेल. शिकण्याला इतके स्वच्छ कारण मिळण्याची संधी विद्येच्या इतिहासात वारंवार येत नाही. आपल्या मुलांना ती याच वर्षी मिळावी.